कुणालाही सुचेल

"यात शोध कसला? हे कुणालाही सुचेल," कौस्तुभ म्हणाला आणि बुटाला लागलेला चिखल त्याने पॉवर टिलरच्या चाकावरच पुसला.

नांगरणीच्या त्या यंत्राच्या चाकावर सायकलच्या जुन्या साखळीचे चार तुकडे ढिले लोंबत होते. भाताच्या खाचरात चाक फिरलं की ते आपटत राहायचे आणि चिखल साचू द्यायचे नाहीत. एवढंच. पण याचंच पेटंट पौडजवळच्या गोजराबाईंनी मागितलं होतं, आणि टिलर बनवणाऱ्या कंपनीने विरोध नोंदवून आपला तज्ज्ञ म्हणून कौस्तुभला धाडलं होतं. त्याने 'सहज सुचण्याजोगे' असं लिहून दिलं की गोजराबाईंचा अर्ज बारगळलाच म्हणायचा. कौस्तुभने ते पुण्यातूनच टाइप करून आणलं होतं. सही तेवढी बाकी होती. शहाण्या माणसाला बघण्याआधीच कळतं.

"मग तुमच्या कंपनीला का नाही सुचलं?" गोजराबाईंची सून गौतमी म्हणाली. "दरवर्षी चिखल खरवडायला चाकामागे जाड पट्टी लावता. दरवर्षी ती वाकते."

"आम्ही तिथवर आलोच असतो."

"कवा? मी मेल्यावर?" गोजराबाई म्हणाल्या. "आवळून लावल्यालं वाकतंया. ढिलं ऱ्हायलं तर न्हाई वाकत. एवढं कळायला चार पावसाळं गेलं माजं."

कौस्तुभ हसला. त्या हसण्यात कीव होती, आणि गौतमीच्या अंगाचा तिळपापड झाला.

गोजराबाई मात्र गोठ्याकडे गेल्या. तिथे दुसरा टिलर गोणपाटाखाली झाकून ठेवला होता.

"तुमचं मशीन बांध वलांडताना उलटतंया. हे न्हाई उलटत. दोन लोखंडाचं तुकडं लावल्यात, बास. सांगा, कुटं लावलं आसतील?"

"पुढे. वजन वाढवायला."

"तुमीच लावलं व्हतं गेल्या साली. उलटलं."

"मग चाकाला. रुंदी वाढवली असेल."

"मग बांधच ढासळतोय."

कौस्तुभ टिलरभोवती एक फेरी मारून आला. मग दुसरी. हातातला कागद त्याने खिशात कोंबला आणि वाकून गोणपाटाचं टोक धरलं.

"जरा बघू द्या."

गोजराबाईंनी जमिनीवर लोळणाऱ्या गोणपाटावर चिखलाचा पाय ठेवला.

"न्हाई सायेब. उघडल्यावर कुणालाबी सुचतंया."