बोट

"आज मशीन बंद करून टाकू या," लेखक म्हणाला. "प्रेक्षक कंटाळलेत. ही कोमातून उठली तरी पुढे हिला द्यायचं काय?"

हे सगळं तिच्या उशाशी उभं राहून चाललं होतं. ती पलंगावर होती, नाकात नळी, डोळे मिटलेले. डोळे मिटले की माणसाला ऐकूही येत नाही, असं का कोण जाणे सगळ्यांना वाटतं. पाच महिने ती मालिकेत अशीच पडून होती. एकेकाळी सिनेमात नायिका होती. आता नुसतं श्वास घेण्याचं काम, तोही दिसेल न दिसेल इतकाच. तरी ती रोज सगळ्यांच्या आधी मेकअपला बसायची. या पलंगावरून उठवलं की घरचाच पलंग. दुसरीकडून कुठूनही बोलावणं येणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, आज जरा दमाने श्वास हं, शेवटचा आहे," दिग्दर्शकाने लाडात येऊन सांगितलं. सेटवर तिला सगळे आईच म्हणायचे. "एकच टेक. तासाभरात एपिसोड चॅनेलला पाठवायचाय, रीटेकला वेळ नाही. जे येईल ते जाईल."

जे येईल ते जाईल! तिला एकदम वाट दिसली. बोट हललं तर? एकदा ते लोकांनी पाहिलं, की लेखकाला झक मारून आईला जिवंत ठेवावं लागेल.

मालिकेतली मुलगी शेजारी येऊन बसली. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर हिची दातखीळ बसली होती. उभं कसं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, रडताना चेहरा का झाकायचा नाही, सगळं तिनेच हिला बोट धरून शिकवलं होतं. आजचा रडण्याचा प्रसंग सगळा मुलीचा होता. पाच महिने ही त्याचीच वाट पाहत होती.

"अ‍ॅक्शन!"

मुलीने तिचा हात हातात घेतला. "आई, मला सोडून जाऊ नकोस गं!"

यंत्राची शिट्टी लांबली. कॅमेरा हातावर आलाय, हे तिला डोळे न उघडता कळलं. तीस वर्षं काही उगाच नाही घालवली. तिने सगळा जीव एकवटून बोट उचललं.

मुलीचा हुंदका क्षणभर अडकला. त्याच क्षणी तिची मूठ त्या बोटावर गच्च मिटली, आणि तिने असा टाहो फोडला की लाइटवालेसुद्धा काम विसरून बघत राहिले.

"कट! वा, पोरी, वा!" दिग्दर्शक ओरडला. मग थबकला. "काही हललं का गं तिथे?"

"नाही सर," मुलगी एका हाताने डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या हाताच्या मुठीत ते बोट अजून हलत होतं.