ह्यांचा शर्ट

खाऱ्या वाऱ्यात मोठ्या मिनतवारीने टोमॅटो धरले होते आणि समुद्रावरचे पक्षी रोज त्यांचा फडशा पाडत होते.

"तुम्हीच खायला घालून त्यांना सोकावलंत," मी ह्यांना म्हटलं.

"मी? गळ्याशप्पथ, मी नुसता दुर्बिणीतून बघतो!"

शेवटी मीच वाफ्यात बुजगावणं उभं केलं आणि त्याला ह्यांचा रोजचा चौकटीचा शर्ट चढवला.

"हाच कशाला? दुसरा घे ना!" हे उगाचच कासावीस झाले.

पाच मिनिटांत कुंपणावर पक्ष्यांची रांग लागली. त्यातला एक थेट बुजगावण्याच्या खांद्यावर उतरला, सराईतासारखी शर्टाच्या खिशात चोच घातली आणि अर्धं बिस्कीट घेऊन उडाला.

मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं. हे डोळ्यांना दुर्बीण लावून समुद्र न्याहाळण्यात अगदी गढून गेले होते.

दुर्बीण उलटी धरली होती.