समोर बघ

"जमिनीत काय पुरून ठेवलंयस गं?" शेलार सर मैदानाच्या मधून गरजले. घोडी पुन्हा आडव्या दांडीपुढे थांबली होती आणि ऋजुता तिच्या मानेवर लोंबकळत होती. "तू खाली बघितलंस की तिलाही वाटतं, खाली काहीतरी भयंकर आहे."

कठड्याशी उभ्या असलेल्या बाबांचा आवाज सरांच्याही वर गेला. "खाली बघ, ऋजू, पडशील! आणि आज पडलीस तर उद्यापासून घोडा बंद, सांगून ठेवतो." चालायला लागली तेव्हापासून ती हेच ऐकत आली होती. बाबांची तक्रार मात्र अशी, की पोरगी ऐकतच नाही.

सरांचा संयम तिथेच संपला. त्यांनी बाबांना दंडाला धरून चालवत नेलं आणि दांडीच्या पलीकडे, समोरच्या कठड्याला टेकवून उभं केलं. "इथून हलायचं नाही, साहेब. बोलायचंही नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उडी घेताना यांच्याकडे बघायचं आणि हे काय करतायत ते मला मोठ्याने सांगायचं."

बघ म्हणून सांगायची गरजच नव्हती. घोडा बंद म्हणणाऱ्या त्या चेहऱ्यावर नजर रोखूनच तिने टाच मारली. घोडी दौडत आली, उडाली आणि दांडीला खूरही न लावता पलीकडे उतरली.

"बोल, काय करत होते?" सरांनी विचारलं.

लगाम खेचताना तिचा राग अजून उतरला नव्हता. "खाली बघत होते," ती म्हणाली.