खांबावरचा एगोन

निवडणूक आटोपली की पोस्टरं आठवड्याभरात उतरवायची, असा डेन्मार्कचा कायदा. आर्हुसमध्ये मेरेटेने पहिलं पोस्टर उतरवलं ते आईच्या स्वयंपाकघरासमोरच्या दिव्याच्या खांबावरचं. त्यावर तिचे बाबा, उमेदवार एगोन, अजून ऐटीत हसत होते. खरे बाबा मतदानाच्या आदल्या आठवड्यातच गेले होते. आईला रोज कॉफी पिताना ते हसू दिसायला नको, म्हणून मेरेटेने पोस्टर आईच्याच इमारतीच्या तळघरात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टर पुन्हा खांबावर! तिने परत उतरवलं. तिसऱ्या दिवशी परत हजर. तिने बाबांच्या पक्षाच्या कचेरीत फोन लावला आणि त्यांना फैलावर घेतलं. "मेलेल्या माणसाला तरी सोडा की! आता काय स्वर्गातून मतं मागायला लावताय?"

"बाई, शपथ घेऊन सांगतो, आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलेलंसुद्धा नाही."

चौथ्या दिवशी ती उजाडताच येऊन थडकली. शिडीवर आई होती, प्लास्टिकची पट्टी दातांत धरून.

"आई, तू? तू तर जन्मात कधी बाबांच्या पक्षाला मत दिलं नाहीस!"

"आणि देणारही नाही. पण सकाळी पेपर वाचताना भांडायला समोर कुणी नको का? शिडी नीट धर."

मेरेटेने शिडी धरली. "अगं, पण इतकं खाली कशाला बांधतेस?"

"वर बांधलं की तुझ्या बापाला वाटतं, आपणच जिंकलो."