हँडब्रेक
गाडीची मागची चाकं जाम झाली, म्हणून खुशालरावांनी बार्शीटाकळीहून किशोर मिस्त्रीला बोलावलं. उद्या दसरा, पुण्याहून पोरगा यायचा होता. किशोरनं हातोडीनं ठोकून ठोकून चाकातला ब्रेकचा ड्रम सोडवला, तसा आतून गंजाचा भुगा सांडला. "काका, गाडी धुऊन उभीच ठेवता काय?" "दर दसऱ्याले धुतो, पुजतो अन् हँडब्रेक वढून ठेवतो. पोरानंच सांगतलं होतं, 'मी येतपर्यंत अशीच ठेवा.' तीन दसरे झाले." "वल्या गाडीचा हँडब्रेक वढला का ब्रेक आतून चिकटतेच. आता वढू नका, चाकाखाली वीट लावा." घासूनपुसून साफ केल्यावर चाक भिंगरीसारखं फिरलं. खुशालराव हरखले, स्वतःच वीट घेऊन आले. तेवढ्यात पोराचा फोन आला. "बरं बापू, नाई जमत त नको येऊ," खुशालराव पोराला म्हणाले. त्यांनी वीट किशोरच्या हातात दिली अन् गाडीत बसून हँडब्रेक करकचून ओढला.