आडनावाच्या जागी

टेफ या धान्यावर पडणाऱ्या रोगाबद्दलचा सेनाइतचा शोधनिबंध नियतकालिकाने दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. संदर्भसूचीत आधी आडनाव हवं, मग नावाचं फक्त आद्याक्षर. इथिओपियातल्या लोकांना आडनावच नसतं. आपल्या नावापुढे वडिलांचं नाव, संपलं. त्यामुळे सूचीत तिच्या आजवरच्या सगळ्या कामावर एकच नाव दिसू लागलं: 'लेगेसे, से.'

"बघ आई," ती चिडून म्हणाली, "राबले मी, आणि नाव मात्र ज्यांना मी कधी पाहिलंही नाही त्यांचं. संपादकांना कळवून टाकते, सेनाइत हेच माझं आडनाव समजा म्हणून."

तिची आई असेगेदेच कॉफीचे दाणे भाजत होती. लष्करी राजवटीत नवऱ्याला घरातून उचलून नेलं, तेव्हा सेनाइत तिच्या पोटात होती. प्रेतही मिळालं नाही. अशा माणसांसाठी रडायलासुद्धा बंदी होती.

तिने तवा खाली उतरवला आणि लेकीजवळ येऊन बसली.

"हे वाचतं कोण?"

"टेफवर काम करणारे. जगभरातले."

"आणि तुझ्या कामाबद्दल बोलताना ते काय म्हणतात?"

"लेगेसेने हे दाखवून दिलंय, लेगेसेचं म्हणणं असं आहे... असंच काहीतरी."

"मोठ्याने म्हणतात?"

"हो. भर सभेत."

असेगेदेच संगणकाच्या पडद्यावरच्या त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग नको बदलूस," ती म्हणाली. "लेगेसेच राहू दे."

वडिलांचं नाव आईच्या तोंडून सेनाइत पहिल्यांदाच ऐकत होती.