लेझीम आणि लाल दिवा

शाळेच्या दारातली कमान श्वासावरून नशा ओळखायची. लाल दिवा लागला, की त्या दिवशी वर्गात बसायचं नाही, असा नगरपालिकेचा नियम होता. मैदानावर लेझीम खेळून धापा टाकत केतकी कमानीखाली आली आणि दिवा लाल झाला.

"काय घेतलंस?" मुख्याध्यापिका कदमबाई कडाडल्या.

"काही नाही बाई, नुसती लेझीम खेळले!" केतकी रडवेली झाली.

मागच्या सगळ्या मुलींनाही लालच दिवा! बाईंना शंका आली. त्यांनी पदर खोचला, केतकीची लेझीम घेतली, मैदानात मनसोक्त खेळल्या आणि घामाघूम होऊन कमानीखाली उभ्या राहिल्या.

दिवा लाल!

"अगं, या कमानीला आनंदसुद्धा नशाच वाटतो!" बाईंना हसू आवरेना. "पण नियम म्हणजे नियम. आज वर्गात कुणीच बसायचं नाही. चला परत मैदानात!"